मूसच्या शिकारीतला तपकिरी कोट

अहो,

आज सकाळी शेजारचा रेमंड येऊन गेला. मार्चमध्ये तुम्ही गेलात तेव्हापासून तो दर पंधरवड्याला येतो, गाडीचं ऑइल बघतो, पायऱ्यांवरची पानं झाडतो. आज कशालाही हात न लावता किचनमध्ये टेबलाशी बसला, टोपी मांडीवर घेऊन. "मिसेस डी," म्हणाला, "डॉकने मला कुणाला सांगू नको म्हटलं होतं. पण आता एकट्याला पेलत नाही." अजून तुम्हाला डॉकच म्हणतो तो. तो गेल्या गेल्या लिहायला बसलेय. अक्षर वेडंवाकडं येतंय, समजून घ्या.

तुम्ही मला का नाही सांगितलंत? त्या शिकारीनंतर चार वर्षं आपण एका छपराखाली राहिलो, एका टेबलावर जेवलो. एकदाही तुमच्या तोंडून शब्द निघाला नाही?

चौऱ्याऐंशी साली तुम्हाला मूसच्या शिकारीचं परमिट लागलं तो दिवस मला लख्ख आठवतो. आपल्या मेन राज्यात ही शिकार पुन्हा सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि परमिटं चिठ्ठ्या काढून मिळायची. जन्मभर जंगलात हिंडलेली कागदाच्या मिलमधली माणसं राहिली बाजूला आणि नाव निघालं ते कागदाच्या लगद्यावर पीएचडी केलेल्या तुमचं. रेमंड तुमचा फोरमन, आपला शेजारी. त्यानेच अर्ज भरायला लावला, त्यानेच बंदूक चालवायला शिकवलं, आणि परमिटवर जोडीदार म्हणूनही त्याचंच नाव.

तुमचा चेहरा किती खुलला होता. लहानपणी वडिलांनी राधानगरीकडच्या रानात मारलेल्या डुकराचं मटण तुम्ही खाल्लं होतं. "रानातल्या मटणाला वेगळीच चव असते," म्हणायचात, "इथलं प्लॅस्टिकमधलं मटण नुसतं पाण्यासारखं लागतं." वीस वर्षं ती चव शोधत होतात तुम्ही. मी मालवणची, माशांवर वाढलेली. मला कोटांच्या कपाटात उभी करून ठेवलेली ती बंदूक बघूनच धडकी भरायची. कोट काढायला गेले की आधी तिच्याकडे नजर जायची.

श्रूजबरीहून माझ्या मैत्रिणीचा, कुंदाचा फोन आला होता, "अगं, मूस म्हणजे गायीसारखंच ना ते? खाणार कसं तुम्ही?" मी म्हटलं, हरणाच्या जातीचा असतो. माझी भीती वेगळीच होती, ती तिला सांगता आली नाही.

आपली सायली तेव्हा हायस्कूलला होती. तिला मैत्रिणीकडे ठेवलं आणि मी तुमच्याबरोबर आले. तीन दिवस घरी फोनपाशी बसून राहणं मला जमलं नसतं. जंगलात डोळ्यांसमोर तरी असाल, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला लाकडाच्या ट्रकांसाठी केलेल्या त्या मातीच्या रस्त्यावर तुम्हाला तो दिसला. घोड्याहून उंच. दलदलीच्या कडेला शांत उभा होता. तुम्ही गोळी झाडली, तो गुडघ्यांवर बसला, पुन्हा उठला आणि झुडपांत शिरला. रेमंड म्हणाला, "अर्धा तास थांबायचं, डॉक. घाई केली तर तो मैलभर पळेल." मग रेमंड स्वतःचा ट्रक पुढून वळवून आणायला गेला. पण तुम्हाला राहवेना. "जखमी आहे गं तो, मला बघवत नाही," म्हणालात, आणि मला आपल्या गाडीत बसायला सांगून आत गेलात.

मी गाडीत बसले. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मग झुडपांत काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. तुम्ही पडलात असं मला वाटलं. त्या जनावराने तुम्हाला शिंगावर घेतलं असं वाटलं. मी उतरले.

आता मी कुणालाच न सांगितलेली गोष्ट सांगते. रेमंडच्या बायकोने मला घालायला भडक नारिंगी जॅकेट दिलं होतं, शिकाऱ्यांना माणूस लांबूनही ओळखू यावा म्हणून. थंडी फार होती आणि ते पातळ होतं, म्हणून मी ते सीटवर काढून ठेवलं आणि माझा जाड लोकरीचा कोट चढवला. तपकिरी कोट. तशीच रस्ता ओलांडून झुडपांपाशी गेले आणि तुम्ही दिसता का ते बघायला वाकले.

मान वर केली तर समोर बंदुकीचं तोंड. चाळीस पावलांवर तुम्ही, दस्ता खांद्याला लावलेला, आणि तुमच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. फांदीने उडवला होता, हे नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच कळलं की हा माणूस माझ्याकडे बघतोय आणि याला मी दिसत नाहीये.

एकवीस वर्षांच्या संसारात मी तुम्हाला नावाने हाक मारली नव्हती. त्या दिवशी मारली. "शरद! मी आहे, शरद!" तुमची बंदूक खाली आली.

जवळ आलात तेव्हा ओठ पांढरे पडले होते. "गाडीत थांब म्हटलं होतं ना," एवढंच म्हणालात. मी म्हटलं, "थंडी वाजत होती." रेमंड आला, त्याने माग काढला. मूस शंभर पावलांवर मरून पडला होता. त्यानंतर तुम्हा दोघांचे चार तास तो कापण्यात गेले. शिकारीच्या नोंदणीच्या ठिकाणी लोक तुमचं अभिनंदन करत होते, तुमचे फोटो काढत होते.

घरी मी तुम्ही सांगितलं होतं तसंच शिजवलं. मसाला बेताचा, आलं-लसूण आणि चमचाभर कांदा-लसूण चटणी. गडद लाल मांस, चरबी जवळजवळ नाहीच, शिजायला तीन तास लागले. पहिला घास घ्यायला मी वेळ लावला. पण खाल्ला, आणि खरं सांगू? आवडला मला. किंचित गोडसर, भरीव, ओल्या पानांचा वास यावा तसं काहीतरी. मी पुन्हा वाढून घेतलं. तुम्ही मात्र भात आणि ताक घेतलंत. "पोट बरं नाही." पुढचा सगळा हिवाळा तुमचं पोट बरं नव्हतं. फ्रीझरमधलं मटण मिलमधल्या लोकांना वाटून टाकलंत आणि बंदूक रेमंडला देऊन टाकलीत. ज्या चवीसाठी वीस वर्षं झुरलात, ती जिभेलाही लावली नाहीत. तेव्हाच मी विचारायला नको होतं का?

मी माझ्या मनाशी एक गोष्ट धरून बसले होते. मी हाक मारली, तुम्ही ओळखलंत, म्हणून मी वाचले. त्या आधारावर मी रात्री झोपत होते.

आज रेमंडने तो आधार काढून घेतला. म्हणाला, "मिसेस डी, त्याने तुमच्यावर नेम धरला होता. तपकिरी काहीतरी हललं, त्याला मूस वाटला. तुम्ही ओरडायच्या आधीच त्याने ट्रिगर दाबला होता." मी विचारलं, मग? तर म्हणाला, पहिल्या गोळीनंतर बंदुकीच्या बाजूची दांडी मागे ओढून नवी गोळी आत घ्यावी लागते. तुम्ही ते विसरला होतात. रेमंडने नंतर बंदूक उघडली, तर आत पहिल्या गोळीचं रिकामं टरफल तसंच होतं. तेव्हा तुम्ही त्याच्यासमोर ढसाढसा रडलात म्हणे.

मी मघापासून त्या क्षणाशी जाऊन उभी राहतेय. तुमचं बोट दाबलं जातंय, आणि काहीच होत नाही. माझी हाक उशिरा पोचली होती. तुमचा तो विसराळूपणा, ज्यावरून मी आयुष्यभर बोलले, त्याने मला वाचवलं. आता मी घरातल्या घरात दचकतेय. फ्रिज सुरू झाला तरी छातीत धस्स होतं. चार वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि भीती आज सकाळची आहे.

आणि तुम्ही? तुम्ही चार वर्षं हे घेऊन माझ्यासमोर जेवलात. जॅकेट काढून कोट चढवल्याचं मी तुम्हाला सांगितलं असतं, तर निम्मा भार तरी उतरला असता का? तुम्हाला वाटत राहिलं की चूक तुमच्या एकट्याची. तो कोट मी त्याच आठवड्यात देऊन टाकला होता, तुम्ही विचारू नये म्हणून. तुम्ही विचारलं नाहीत. मला बरं वाटलं होतं, याची आज लाज वाटते.

तुमच्या अंत्यविधीला सायली काय बोलली माहीत आहे? "माय फादर किल्ड वन ॲनिमल अँड नेव्हर टच्ड अ गन अगेन. ही वॉज टू काइंड." सगळ्यांचे डोळे ओले झाले. ती अजून फोनवर तेच सांगते, तिच्या कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींना पण सांगते. तिच्या मनातला तो हळवा बाबा मोडायची मला भीती वाटते. बंदुकीची वाटली होती, तेवढीच.

तरी मी तिला सांगणार आहे. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला ती चार दिवस घरी येतेय. तिला समोर बसवून सगळं सांगेन. आधी माझं जॅकेट काढून ठेवणं, मग तुमचं बोट, या क्रमाने. चूक दोघांची होती आणि गप्पही दोघं बसलो, हे तिला माझ्या तोंडून कळेल. ती चिडेल, कदाचित उठून जाईल. मी तिच्या मागे जाईन आणि उरलेलं सांगून पुरं करेन. हे वचन समजा.

तुमची,
नलिनी