चहाच्या पेल्याची ऊब

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्या आठवणीनं मी अजून हात लपवते. आता मीही शाळेत पोरींना खो-खो शिकवते. पण सामन्याआधी त्यांचे हात हातात घेऊन बघायची तुमची रीत मी काही उचलली नाही. का, ते तुम्हाला सांगायचं राहिलंच.

अमरावतीच्या आपल्या शाळेत सामन्याआधी तुम्ही आम्हाला रांगेत उभं करायचात आणि एकेकीचा तळवा आपल्या दोन्ही हातांत धरायचात. हात गार लागला की ती पोर पहिल्या डावात बाहेर. कुणी रडू लागली की तिला जवळ बसवून म्हणायचात, "भेव सगळ्यायलेच लागते. पण थंडा हात खो देत नाही पोरी, धक्का देते."

अकोल्याला अंतिम सामन्यासाठी आपण बडनेऱ्याला गाडी बदलून गेलो. शाळा पहिल्यांदाच तिथवर पोचली होती आणि कप्तान मी. भीतीनं बोटं गारठलेली. मैदानाच्या कडेला चहावाला होता. मी पेला घेतला खरा, पण चहा ओठाला लावलाच नाही. चटका बसेपर्यंत नुसता धरून उभी राहिले. मग तुमच्यापुढे हात केला. तुम्ही हसून शाब्बास म्हणालात. मला लाज वाटली, पण खेळायला मिळणार याचा आनंद त्याहून मोठा होता.

आणि मग मी पळते आहे, समोरची काही केल्या सापडत नाही, लोक ओरडताहेत. बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीला हात लावायचा आणि खो म्हणायचं, एवढंच तर काम. मी दोन्ही हातांनी तिला ढकलली. एवढा राग कुणावर होता कोण जाणे, तिच्यावर तर नव्हताच. ती तोंडावर आपटली आणि तिचा पुढचा दात तुटला.

तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. परतीच्या गाडीत तिचं तोंड स्वतःच्या पदरानं पुसत पुटपुटलात, "मलेच हात पायता आला नाही." मी समोरच्याच बाकावर होते. माझं एक वाक्य पुरलं असतं, पण मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यानंतर तुम्ही कुणाचाच तळवा हातात घेतला नाहीत. पोरी म्हणायच्या, बाई आताशा गप्प झाल्या. मी मान डोलवायची.

पुढे चांदूर रेल्वेला भावाकडे तुम्ही अंथरुणाला खिळलात, तेव्हा मी भेटायला आले. तुम्ही माझा हात मागितलात, बराच वेळ धरून ठेवलात आणि म्हणालात, "तुहा हात मले कदी समजलाच नाही वं." मी रडले. तुमच्या दुखण्यापायी रडतेय, असंच तुम्हाला वाटलं असणार.

हे पत्र टपालात टाकायला पत्ता नाही, ते माझ्याजवळच राहील. पण एवढं लिहूनच टाकते. त्या दिवशी तुमच्या भावाच्या दाराची कडी वाजवायच्या आधी मी दोन्ही तळवे पदरावर चोळून चांगले गरम करून घेतले होते.