ब्रशाचं टोक

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.१०
आजपासून रोज लिहायचं. हे कुणी वाचायचं नाही. पण उद्या कुणाला माझं चरित्र लिहावंसं वाटलं, तर साधन हाताशी असावं.
शोध नक्की झाला. माशीच्या अळीच्या पोटातले जिवाणू ती कोषात गेली की बहुतेक मरतात, कारण आत आतडंच नवं तयार होतं. कोषातून माशी निघते ती जवळजवळ रिकाम्या पोटी. सगळं जग असं मानतं. प्रयोगशाळेत मी माशा वाढवतो त्या बाटल्यांत मात्र एक जिवाणू अळीत आहे, कोषात आहे आणि माशीतही आहे. साथ सोडत नाही. मी त्याला 'निष्ठावंत' म्हणतो. अधिकृत नावात माझं आडनाव घालायचं आहे.
२७ तारखेला समिती. माशांची खोली कुणाच्या ताब्यात राहणार ते तेव्हा ठरेल. म्हणजे माझ्या.
डावी दाढ जरा ठणकते. लवंग धरली.

५ मार्च
सोवळीवर चिडलो. सोवळी म्हणजे माझी पीएचडीची विद्यार्थिनी. हे नाव मी मनात ठेवलंय. चौदा महिने ती बिनजिवाणूच्या माशा वाढवते आहे. अंडी धुवायची, अन्न उकळायचं, हातमोजे घालायचे, ब्रश दर वेळी स्पिरिटमध्ये बुडवायचा. पिढ्यान्‌पिढ्या हेच. तिच्या थिसिसचा सगळा डोलारा त्या चाळीस बाटल्यांवर.
मागच्या आठवड्यात तिला माझ्या अळ्या दिल्या होत्या, निष्ठावंत पोटात असलेल्या. तिच्या हाताखाली त्या माशा झाल्या आणि निष्ठावंत गायब. माझ्या हाताखाली असं एकदाही झालं नाही.
हात लागतो म्हणतात तो हा. माझा ब्रश गुरुजींनी दिलेला. एवढीशी अळी उचलायची तर केसांना सुईसारखं टोक हवं, आणि ते जिभेवरच येतं. स्पिरिटनं केस राठ होतात, असं गुरुजी म्हणायचे. अठ्ठावीस वर्षं तोच ब्रश, तीच जीभ.

८ मार्च
सौ. लेकीच्या रिकाम्या खोलीत झोपायला गेली. मला विचार करायला शांतता मिळावी म्हणून असणार. समजूतदार बाई. जाताना म्हणाली की खिडकी उघडी ठेवून झोपत जा.
दाढ तिच्या भावाला दाखवा, असंही म्हणाली. मेहुणा दातांचा डॉक्टर आहे. त्यानं चारचौघांत सांगितलं होतं, आमचे दाजी माशा मारतात आणि वर पगार घेतात. त्याच्यापुढे मी तोंड उघडणार नाही.

११ मार्च
मीटिंग. माझ्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन खुर्च्या रिकाम्या. दरारा वाढला आहे. संचालकांनी एसी चालू असताना उठून खिडकी उघडली आणि मी बोलत होतो तेवढा वेळ नाकावर मूठ ठेवून ऐकलं. इतक्या एकाग्रतेनं त्यांनी आजवर कुणाचं ऐकलेलं नाही.

१३ मार्च
माशांचं अन्न शिजवणाऱ्या मावशी बाटल्या द्यायला आल्या. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट हे सगळं भल्यामोठ्या पातेल्यात त्याच ढवळतात. मला बघून म्हणाल्या, तो ब्रश तोंडात घालू नका. बरं वाटलं. घरी हल्ली एवढी काळजी कुणी करत नाही. मी त्यांना समजावलं की अळ्यांची किळस करून आमचं चालत नाही, मला काही होणार नाही.
त्या म्हणाल्या, तुमचं नाही हो सर, मला अळ्यांचं वाटतं.
शिक्षण नाही, दुसरं काय.

१६ मार्च
गाल सुजला. तोंडात कडू पाणी येतं. पण बातमी मोठी आहे: नव्या माशांत निष्ठावंत दुप्पट झाला! मी सोसतो आहे आणि तो वाढतो आहे. मोठ्या कामाचं असंच असतं.
संकल्प: समिती होईपर्यंत दाढेचा विचार करायचा नाही.

१८ मार्च
आज कठोर व्हावं लागलं. सोवळीनं फार नम्रपणे विचारलं की सर, तुमचा ब्रश एकदा जिवाणू वाढवायच्या प्लेटवर टेकवून बघू का, काय उगवतं ते. गुरुजींचा ब्रश! चौदा महिन्यांची पोरगी मला स्वच्छता शिकवणार.
मी सांगितलं, तुझ्या बाटल्या संशयास्पद आहेत, अतिस्वच्छतेनं बिघडलेल्या. समितीपुढे गोंधळ नको. सगळ्या निर्जंतुकीकरणाच्या कुकरमध्ये घाल.
मावशींनी हात लावायला नकार दिला. म्हणून सोवळीनंच चाळीस बाटल्या चार खेपांत नेल्या. झाकण लावायच्या आधी म्हणाली, "सर, बाबा आयसीयूत होते तेव्हाही मी रोज येऊन यांचं अन्न बदललंय."
विज्ञानात भावना आणू नये, असं मी सांगितलं. वीस मिनिटं, एकशे एकवीस डिग्री. झाकण उघडेपर्यंत ती तिथेच उभी होती. मग हातमोजे काढून, घडी करून टेबलावर ठेवले आणि घरी गेली. बोलली असती तर बरं झालं असतं. मी उत्तर तयार ठेवलं होतं.
समितीसाठी केलेल्या पोस्टरवरून तिचं नाव काढलं. जागा पुरत नव्हती.

२४ मार्च
निष्ठावंताचा नमुना ओळख पटवायला बाहेरच्या लॅबला दिला होता. आज रिपोर्ट आला. जिवाणू नवा नाही. राहण्याचं ठिकाण: माणसाचं तोंड, सडलेल्या दातांच्या मुळाशी.
दहा मिनिटं रिपोर्ट उलटसुलट वाचला. मग लख्ख प्रकाश पडला. म्हणजे हा माणसाला माशांनीच दिला! शोध लहान झाला नाही, उलट मानवजातीएवढा झाला. दुपारभर बसून बत्तीस स्लाइड केल्या. दाढेमुळे जेवण बंद आहे, तेवढाच वेळ वाचला.

२७ मार्च. समिती
गालाला रुमाल लावून बोललो. सोवळी मागच्या रांगेत होती. बाहेरून आलेल्या वयस्कर बाईंनी शेवटपर्यंत एक शब्द टिपून घेतला नाही. शेवटी म्हणाल्या, एक अळी उचलून दाखवता का?
याचीच वाट पाहत होतो. मावशींकडून बाटली मागवली. ब्रश काढला, जिभेवर फिरवून टोक केलं आणि अळी अलगद उचलली. असा हात आता कुणाचा राहिला नाही.
बाईंनी विचारलं, "हे तुम्ही दर वेळी करता?"
"दर वेळी," मी म्हणालो. "अठ्ठावीस वर्षं."
एका सदस्यानं हातातलं बिस्किट परत बशीत ठेवलं. सोवळी खिडकीबाहेर बघत होती. हसलं कुणीच नाही. हसले असते तर मी काहीतरी बोललो असतो.

२८ मार्च
ताप १०३. सौ.नं हाताला धरून मेहुण्याकडे नेलं. तोंड उघडावं लागलं.
"दाजी," तो म्हणाला, "इथं तर अख्खं गाव वसलंय."
दाढ निघाली. शुद्धीवर येतो तो दारात सोवळी उभी. एवढं केलं तरी भेटायला आली, म्हणून भरून आलं. तोंडातल्या कापसाच्या बोळ्यातूनच म्हणालो, बस. ती बसली नाही. मेहुण्याला तिनं विचारलं की दाढ मिळेल का. मग पर्समधून नवे हातमोजे काढून घातले, दाढ बाटलीत टाकली आणि बाटलीवर काहीतरी लिहिलं. ती गेल्यावर मेहुण्याला विचारलं, काय लिहिलं?
'मूळ ठिकाण.'

२ एप्रिल
तोंडाचा वास गेला, हे मेहुण्यानं लेखी दिलं आहे. सौ.ला म्हटलं, आता ये परत. म्हणाली, तिकडे झोप छान लागते हो.

७ एप्रिल, सोमवार. सकाळी ९.१०
दाढेतला आणि माशांतला जिवाणू एकच निघाला. समितीनं माशांची खोली सोवळीला दिली. ती पुन्हा पहिल्यापासून अंडी धुते आहे. पुन्हा चौदा महिने. पाया पक्का होईल तिचा.
सॉरी म्हणायला गेलो होतो. खरंच गेलो होतो. रात्री वाक्यही पाठ केलं होतं. तिनं मान वर न करता सांगितलं, "सर, दारातूनच बोला." दारातून ते वाक्य नीट येईना. परत आलो.
मला माशांच्या स्वयंपाकघरात बसवलंय. देखरेख म्हणे. संकल्प: इथेही सुधारणा करायची. आरंभ आजच केला. मावशींच्या पातेल्यातली पळी उचलली, साखर कमी वाटली म्हणून ओठांपर्यंत नेली.
मावशींनी पळी काढून घेतली आणि खुंटीवरचं फडकं माझ्या हातात दिलं.
"सर, आधी तोंड बांधा."