स्वतःसाठी मागितलेला कौल

अण्णा,

देवळात पंखा आला. परवा चुलतभावाचा फोन आला होता, आता पूजा आणि कौल त्याच्याकडे आहेत, तोच सांगत होता. मुंबईकर मंडळींपैकी कुणीतरी हौसेनं गाभाऱ्यात बसवून दिलाय, आणि आता कौल लावायच्या आधी पंखा बंद करावा लागतो, नाहीतर दोन्ही पाकळ्या एकदम उडतात. एकदा हा विसरला आणि पाकळी थेट मागणाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसली म्हणे. आम्ही दोघंही पोट धरून हसलो. मग त्यानं विचारलं, शिमग्याला येतेस ना, पालखी आपल्या अंगणात यायची आहे. येते म्हटलं. दर वर्षी येतेच. ओटी भरते, डोकं टेकवते, आणि माझ्याकडे बघून कुणाला काही कळत नाही. माझा देवीवरचा विश्वास गेला, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. गुरवाची मुलगी मी, सांगणार कुणाला? हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते.

लहानपणी माझ्याइतका विश्वास गावात कुणाचाच नसेल. आपलं घर देवळाला लागून, त्यामुळे देवी मला शेजारीणच वाटायची. शाळेत जायच्या आधी तगर खुडायची, परडी तुमच्या हातात द्यायची आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. आत यायची मला मुभा नव्हती. माणसं प्रश्न घेऊन यायची. विहीर कुठे खणू, होडी कधी लोटू, मुलीचं ह्या घरी जमवू की नको. तुम्ही तगरीच्या दोन पाकळ्या ओल्या करून पाषाणाच्या दोन खांद्यांवर चिकटवायचात आणि गाऱ्हाणं घालायचात, "आई, तुझा लेकरू दारात उभा हाय, त्येला वाट दाखव." मग सगळे गप्प. उजवी पाकळी आधी पडली की देवीचा होकार, डावी पडली की नकार. डावा कौल आला तर माणसं मुकाट वळायची. ठरलेली सोयरीक तेवढ्यावर मोडलेली मी पाहिली आहे, आणि त्या मुलीसाठी वाईट वाटलं तरी देवी चुकली असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

अठ्ठ्याण्णव साली मी बारावी झाले आणि दापोलीला कृषी विद्यापीठात माझा नंबर लागला. काका ओटीवर येऊन बसले. "पोरीला परगावी होस्टेलात ठेवायची? लोकं काय म्हनतील? आदी आईला विचार." तुम्ही वाद घातला नाहीत. आंघोळ केलीत, पाकळ्या लावल्यात, आणि उजवी पडली. काकांनी तिथल्या तिथे हात जोडले. जायच्या दिवशी माझी ट्रंक डोक्यावर घेऊन एस्टीपर्यंत तेच आले. दापोलीचे पहिले महिने मला फार जड गेले. पुस्तकं इंग्रजीत, मेसच्या आमटीत डाळ शोधावी लागायची, आणि बाकीच्या मुली फाडफाड बोलणाऱ्या. रडू आलं की मी स्वतःला एकच सांगायची, तुला देवीनं पाठवलंय, तिला खाली बघायला लावू नकोस. त्या एका वाक्यावर मी पहिल्या वर्षाची परीक्षा पास झाले.

मग ती मे महिन्याची सुट्टी. मी घरी आहे. पूर्णगडच्या बाजूचं एक कुटुंब देवळात आलंय. सून पहिलटकरीण, पाय सुजलेले, डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणते. सासू ठाम. "आमच्यात समद्या बाया घरातच बाळंत झाल्या. हिलाच कशाला रत्नागिरीला न्यायची? आता आई सांगल तसा." तुम्ही त्या पोरीकडे एकदाच बघितलंत. मग गाभाऱ्याच्या मधोमध तेवणारी समई उचलून देवीच्या उजव्या अंगाला, अगदी जवळ ठेवलीत. डाव्या पाकळीला पाणी सढळ हातानं लावलंत, उजवीला नुसता ओला हात. दिव्याच्या धगीनं उजवी आधी सुकणार हे कळायला दापोलीला जायची गरज नव्हती, पण आजवर माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. उजवी पडली. सासूनं त्याच पावली जीप बोलवायला माणूस पिटाळला. पुढे ती पेढे घेऊन आली, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मुलगा झाला, आणि डॉक्टर म्हणाले होते, आणखी उशीर केला असता तर दोघंही हाती लागली नसती.

तो कौल झाला त्या दुपारी आई आंब्याचं साट घालत होती आणि मी तिच्याजवळ बसून ताटांना तूप लावत होते. एकदम आठवलं. माझा कौल लावलात त्या दिवशीही समई उजवीकडेच होती. माझा हात थांबला. आई म्हणाली, "काय गो, काय झाला?" मी म्हटलं, काही नाही. म्हणजे मला दापोलीला देवीनं धाडलंच नव्हतं, तुम्ही धाडलं होतं. तुम्हाला वाटेल, माझा विश्वास तिथेच गेला. नाही अण्णा. मी दोन दिवस घुम्यासारखी वागले आणि मग माझं मीच जुळवून घेतलं. देवीला हात नाहीत, ती तुमचे वापरते. हे मला इतकं पटलं की ती मला आधीपेक्षाही जवळची वाटायला लागली, आणि तुमच्याबद्दल तर केवढा अभिमान वाटला.

विश्वास मोडला तो तुमच्या स्वतःच्या कौलानं. पुढे काही वर्षांनी, एका पावसाळ्यात देवळाच्या पायऱ्या चढताना तुम्हाला धाप लागायला लागली. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, मुंबईला न्या, हृदयाचं ऑपरेशन करायला हवं, वेळ लावू नका. मी तेव्हा रत्नागिरीत कलमांच्या रोपवाटिकेत नोकरीला होते, रजा टाकून धावत आले. आई रडवेली होऊन म्हणाली, "तुझा बापूस आईला विचारल्याबिगर हलायचा नाय." खरं सांगू? मी मनातल्या मनात हसले. तुम्ही कसं विचारता ते मला ठाऊक होतं. मी निर्धास्तपणे परडी घेऊन उंबऱ्याशी उभी राहिले. तुम्ही समई बरोबर मधोमध ठेवलीत. लांबून बघितलंत, जराशी सरकवलीत, पुन्हा बघितलंत. दोन्ही पाकळ्यांना सारखं पाणी लावलंत. मी म्हटलं, "अण्णा, समई." तुम्ही वळला नाहीत. डावी पडली.

तेव्हा इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मी बोलून टाकलं. "समई उजवीकडे घ्या आणि परत लावा. माझ्या वेळी घेतली होतीत तशी." तुम्ही दचकला नाहीत. ओल्या हातांनी माझ्याकडे बघत राहिलात.

"तुला ठावक होता?"

"हो."

"दुसऱ्यासाठी मागताना हट्ट करता येतो गो. आईकडं लेकरू करतंय तसा. तिनं मला कदी अडवलान नाय. पन आपल्यासाठी मागताना लबाडी केली, तर मंग मी तिच्याकडं बगू कसा?"

त्यानंतर मी काय काय नाही केलं! भांडले, अबोला धरला, डॉक्टरांना घरी आणलं. काका तर म्हणाले, उचलून गाडीत घालतो. तुम्ही सगळ्यांचं ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, "कौल झाला." दिवाळीच्या आधी गेलात, सकाळी, पूजेची भांडी घासता घासता.

तुमचा विश्वास किती खरा होता, ते मला तेव्हा कळलं. त्याच कळण्यात माझा गेला. गावाचे इतके कौल तुम्ही सांभाळून घेतलेत. एकदाच तिच्यावर सगळं सोडलंत, अगदी प्रामाणिकपणे विचारलंत, आणि दोनातली एक पाकळी कधीतरी पडायचीच होती, ती पडली. बस्स. तिथे दुसरं कुणी नव्हतं. तेरावं झाल्यावर मी तगर घेऊन देवळात गेले, नेहमीच्या जागी उभी राहिले, आणि समोर पाषाण होता. राग येईल म्हणून वाट बघितली, पण रागवायलाही समोर कुणीतरी लागतं. त्या महिन्यात माझी दोन माणसं गेली, आणि लोक एकासाठीच सांत्वन करायला येत होते.

देव न मानणारी माणसं ताठ असतात असं आईला वाटतं. मी ताठ नाही. मानणाऱ्यांचा मला हेवा वाटतो. मुलीला ताप चढला की जुनं गाऱ्हाणं तोंडापर्यंत येतं आणि तिथेच अडतं, मग मी नुसतीच कपाळावरच्या पट्ट्या बदलत बसते. फार एकटं वाटतं तेव्हा. तुम्हाला असं एकटं कधी वाटलं नसेल, ह्याचं मात्र मला बरं वाटतं.

पण राग आलाच नाही असं जे वर लिहिलं, ते खरं नाही. तुमच्यावर आहे. दुसऱ्यासाठी हट्ट करता येतो म्हणालात ना? मी उंबऱ्याशीच उभी होते, अण्णा. "हिला हिचा बापूस पायजे" एवढंच गाऱ्हाणं घालायचं होतंत, मग ते मागणं तुमचं राहिलं नसतं, माझं झालं असतं. त्यात लबाडी नव्हती. तेव्हा मी इतकी भांडले, पण हे साधं बोलणं मला सुचलंच नाही. आत्ता लिहिता लिहिता सुचलं.