लष्करी लॉरी आणि बनुमावशी

नगर, १९४८

अब्दुलभाई, सलाम.

तुम्ही कराचीला बोलावताय, पण लष्कराच्या लिलावातली मोडकी लॉरी मी आणि माझा दोस्त गोरक्षनं विकत घेऊन दुरुस्तीला काढली आणि त्यातच गुंतलो. इंजिन पार गंजलेलं. वर्षभर खपलो. काल ती धडधडत सुरू झाली!

घोडेगावच्या बाजाराला निघालो, तर गोरक्षची आई बनुमावशी आडवी उभी. म्हणाली, "मोहियोद्दीन, तू कराचीला जानार म्हनं? मग ही बिघडल्यावर कोन बघंल?"

"मीच बघीन, मावशी." तोंडून निघून गेलं आणि जीव हलका झाला.

ती पदर खोचून पुढं चढून बसली. "मग चल की!"

भाई, हे पत्र टाकायला मन धजत नाही. तुम्ही दुखावाल. पण मी इथं सुखात आहे.

तुमचा धाकटा,
मोहियोद्दीन