कापडाआडची आई

४ मार्च
मालकांचं फर्मान — स्टुडिओतल्या जुन्या निगेटिव्हच्या काचा धुऊन टाकायच्या! गरम पाण्यात चेहरे सुटून जातात, उरते खिडकीची काच. माझ्या तान्हेपणीच्या फोटोचीही काच त्यात आहे. आधी शोधायला हवी.

५ मार्च
त्या काचेवरून छापलेला फोटो घरी भिंतीवर आहे. आठ महिन्यांची मी, काळं कापड टाकलेल्या खुर्चीवर. खुर्ची नाहीच ती! तेव्हा फोटोला दहा सेकंद हलायचं नसे. तान्ही पोरं थोडीच ऐकणार? मग बाईला बसवायचं, तिच्यावर कापड टाकायचं, पोर मांडीवर. बाबा म्हणायचे, "तुझ्या आईनं धरलंय." त्याच वर्षी आई गेली. तिचा दुसरा फोटो नाही. चेहराच ठाऊक नाही मला.

कामाला निघताना रोज त्या कापडाला म्हणते, "येते गं आई." रोज आतून मावशी म्हणते, "सांभाळून जा." मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, नंतर बाबांची बायको. तिनंच वाढवलं मला. लहानपणी एकदा ओरडले होते — "तुला नाही म्हटलं!" तरी उत्तर द्यायचं तिनं सोडलं नाही.

९ मार्च
काच सापडत नाही. मावशीला ताप.

११ मार्च
भरवू देईना. वाटी स्वतःच धरली, ती वाकडी करंगळी बाहेर — लहानपणी दारात चेंगरलेली. म्हटलं, "बरी हो, तुझा फोटो काढू. काचेवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवते."
"लोकांच्या बायका तिशीत आणतेस. मला साठीत आण, पुष्कळ झालं." मग डोळे मिटून, "आणि पुन्हा कशाला?"
पुन्हा! तापात काहीबाही बोलते.

१६ मार्च
मावशी गेली.

१८ मार्च
मालक म्हणाले, "मावशींचा फोटो द्या, मोठा करून देतो." एकही नाही. अख्ख्या गावाचे चेहरे या हातांखालून गेले, आणि घरातला एक राहिला. जिवाला लागलंय.

२१ मार्च
काच मिळाली! खिडकीपाशी उजेडात धरली. काचेवर सगळं उलटं — कापड पांढरं, माझा चेहरा काळा. घरच्या फोटोत खालची कड पुठ्ठ्याच्या चौकटीआड गेलेली. इथे ती आहे. कापडाखालून आलेला एक हात. माझं पाऊल घट्ट धरलेलं.
करंगळी वाकडी.

२२ मार्च
निघताना भिंतीकडे बघून म्हटलं, "येते गं आई."
बराच वेळ दारातच उभी होते.