स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या जयवंतेच्या नावे

मी, एकनाथराव हिम्मतराव सोळंके, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार अंबरपेठ, हैदराबाद, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. सौ. जयवंतेचे आहे, पण ते बावन्न वर्षे जुने असल्याने धरू नये.

कलम १. तरुणपणी मी सिनेमात कॅमेरा असिस्टंट होतो. जुन्या काळ्या-पांढऱ्या चित्रपटांत पुढचा चेहरा आणि मागच्या दारातला माणूस सारखेच स्पष्ट दिसत, त्याचे मला वेड. त्यासाठी लेन्सचे छिद्र बारीक करायचे, दिवे वाढवायचे. एका प्रसंगात मागे उभी आई स्पष्ट ठेवू या म्हणालो, तर दिग्दर्शक म्हणाले, "पीछे कौन देखता मियाँ? हिरोइन को देखो." मी नोकरी सोडली. त्यांच्या वारसांना माझा जुना चष्मा द्यावा.

कलम २. गौलीगुड्यातल्या माझ्या फोटो स्टुडिओचा कॅमेरा नात निशिगंधा हिला. ती फोनवर मागचे सगळे पुसट करते, तरीही. छिद्र बारीक असले की फोटोला वेळ लागतो. तेवढा वेळ गिऱ्हाइकाला श्वास रोखायला लावू नये. माझ्या हातून एक नवरदेव त्यापायी खुर्चीवरून घसरला होता. त्याचे सासरे अजून मला रामराम करत नाहीत.

कलम ३. दिवाळीत जेवताना चिरंजीव प्रशांत म्हणाला, "अण्णा, तुमच्यानंतर हे घर विकून टाकू. आई आमच्या फ्लॅटमध्ये मागच्या खोलीत आरामात राहील." पोरगा वाईट नाही. त्याने आईला मागेच पाहिले आहे. घरच्या प्रत्येक फोटोत ती स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे, आणि तिथूनही तिच्या लुगड्याची किनार स्वच्छ दिसते, याचा मला फार अभिमान होता. परवा ते फोटो चाळताना लक्षात आले, की ती दिसतेच आहे म्हणून "पुढे ये" असे मी एकदाही म्हटले नाही. याची मला लाज वाटते.

सबब हे स्वकष्टार्जित घर, पुढच्या खोलीसकट, एकट्या जयवंतेच्या मालकीचे. विकावे की राहावे, तिची मर्जी. हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "मी पुढं बसले तर चाय कोण ठेवणार?"

कलम ४. चहा प्रशांतने ठेवावा.

हे सर्व माझ्या हातचे असून खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली आहे.

(सही) एकनाथराव हिम्मतराव सोळंके

साक्षीदार: अनंत पाथरीकर (शेजारी), गौतम भालेराव (निवृत्त शिक्षक)

अंबरपेठ, हैदराबाद. १२ जानेवारी २०२५