टिनाची खोली

१२ एप्रिल १९७३

उजवा तळवा अजून चुरचुरतोय. उद्या सकाळी टिनवाला येणार, आणि बाबांना अजून सांगितलेलं नाही.

बागेतल्या सामान-बियाण्याच्या खोलीला टिनच हवं, हे मीच ठरवलं. आई म्हणाली होती, "तुराट्याचा कुड कर वं, मातीनं लिंपला का थंडा राह्यते." मला त्या काड्यामातीच्या भिंतींची, कुडाची लाज वाटली. खरं कारण तेवढंच. बाबा मात्र गल्लीभर सांगत सुटले, "आमची बी. ए. म्हणते तं टिनच!"

आज दुपारी शेजाऱ्यांच्या टिनाच्या खोलीत शिरले. पत्र्याला हात टेकला आणि भाजलाच. अशा भट्टीत बाबांचं राखेत घोळलेलं वांग्या-मिरचीचं बी जगेल? ते मेलं तर पावसाळ्यात रोपं कुठून विकणार? घर त्यावरच चालतं.

इतकं लिहून उठले आणि टिन नको, कुडच करू, असं बाबांना सांगून आले. बाबा खुरपं पुसत होते. वर न बघता म्हणाले, "मले वाटलंच होतं. पण तू शिकलेली. म्हटलं, तुले जास्त समजत असन."

रागावले असते तर बरं झालं असतं.

टिनवाल्याला आणि गल्लीला उद्या मीच सांगेन. मग आईबरोबर कुड लिंपायला बसेन. हात चुरचुरला तर चुरचुरू दे.